फॅमिली प्लॅनमधला पाचवा

जिन्यात गाठून माणसाला त्याचा खर्च विचारू नये, असा कायदा कुठल्याच देशात नाही. असता, तर चष्मेवाल्यांच्या मागे पुढचं लचांड लागलंच नसतं.

संध्याकाळी दुकान बंद करून ते घरी येत होते. एका हातात पाव, दुसऱ्या हातात सासूबाईंची औषधं. वरच्या मजल्यावरचे विमावाले तेवढ्यात खाली उतरत होते. विमावाल्यांनी उभा जन्म लोकांना मरणाची भीती घालून पोट भरलं होतं. आता ते निवृत्त झाले होते, पण भीती घालायचं काम त्यांनी हौसेखातर फुकट चालू ठेवलं होतं.

"काय हो, फोनचं बिल किती भरता तुम्ही महिन्याला? घरातल्या सगळ्यांचं मिळून?"

चष्मेवाल्यांनी आकडा सांगितला. विमावाल्यांचा स्वभाव ठाऊक असल्यामुळे जरा छाटूनच सांगितला. तरीही विमावाले कठड्याला धरून हसले.

"अहो, याच्या निम्म्यात माझं अख्खं घर बोलतं! सुनेच्या माहेरचे बोलतात! वर टीव्ही फुकट दिसतो! लुटताहेत तुम्हाला, दिवसाढवळ्या. आणि तुम्ही म्हणे लोकांना चष्मे लावता!"

बाकीचं सगळं चष्मेवाल्यांनी सोडून दिलं असतं. पण शेवटचं वाक्य थेट धंद्यावर आलं होतं. त्यातून घराचं दार उघडं होतं आणि दारात बायको उभी होती. नवऱ्याला कुणी मूर्ख म्हटलं, की बायकोला आधी राग येतो आणि मग ते पटतं. या दोन्हींच्या मध्ये फारसा वेळ जात नाही.

"अहो, खरंच बघा की जरा," पाव हातातून घेत ती म्हणाली. "तीन-तीन कंपन्या आहेत. दहा ठिकाणी विचारलं तर काय बिघडतं?"

बिघडण्यासारखं बरंच होतं. ते चष्मेवाल्यांना एकट्यालाच ठाऊक होतं.

त्याचं असं होतं. घरातले सगळे फोन निळ्या कंपनीच्या एकाच फॅमिली प्लॅनवर होते. गावात तीन कंपन्या होत्या, निळी, लाल आणि पिवळी. त्यांची खरी नावं कुणाच्या तोंडात बसत नसल्यामुळे लोक त्यांना रंगानेच ओळखत. प्लॅन चष्मेवाल्यांच्या नावावर होता आणि त्यात पाच नंबर होते: ते स्वतः, बायको, सासूबाई, लेक आणि जावई. प्लॅन घेतला होता जावयानेच, लग्न नवं होतं तेव्हा, मोठ्या उत्साहाने. पुढे लेक आणि जावई वेगळे झाले. दोघंही भली माणसं होती. एका घरात भली राहू शकली नाहीत, एवढंच. भांडण नाही, कोर्टात आरडाओरडा नाही. कपाट तिने घेतलं, कुंड्या त्याने घेतल्या. लेक आई-बापांकडे परत आली. सगळ्या गोष्टींची वाटणी झाली आणि फोनचा नंबर तेवढा राहून गेला.

माणसाला 'माजी जावई' म्हणायचं, तर 'माजी' हा शब्द अध्यक्षांना शोभतो; जावयाला लावला की घशात अडकतो. म्हणून चष्मेवाले मनातल्या मनात त्याला लिफ्टवाला म्हणू लागले. इमारतींच्या लिफ्ट दुरुस्त करायचं त्याचं काम होतं. नंबर काढून टाका, असं त्याने कधी म्हटलं नाही आणि चष्मेवाल्यांनीही काढला नाही. महिना सुरू झाला की तो आपल्या वाट्याचे पैसे पाठवायचा आणि खाली एक शब्द लिहायचा: 'पाठवले.' चष्मेवाले उत्तर द्यायचे: 'मिळाले.' एकदा थंडीत त्याने लिहिलं, 'पाठवले. खोकला कसा आहे?' चष्मेवाल्यांनी लिहिलं, 'मिळाले. बरा आहे.' एवढं भरघोस बोलणं झाल्यावर त्या दिवशी त्यांचं दुकानात लक्ष लागलं नाही.

बायकोला मात्र त्यांनी सांगून ठेवलं होतं की तो नंबर केव्हाच काढला. का सांगितलं, हे त्यांचं त्यांनाही नीट सांगता आलं नसतं. आता प्लॅन बदलायचा म्हणजे झाकली मूठ उघडणार होती.

तेव्हा त्यांनी एक युक्ती काढली. तुलना करायची, पण अशी कसून करायची, की निर्णयापर्यंत कुणी पोचताच कामा नये.

पहिल्यांदा ते लाल कंपनीच्या दुकानात गेले. तिथे एका हसऱ्या पोराने त्यांच्या हातात नवाकोरा फोन ठेवला. "दोन वर्षांचं कंत्राट घ्या, सर. फोन फुकट."

"फुकट? मग दर महिन्याला हे जादा कशाचे घेता?"

"फोनचे, सर."

चष्मेवाल्यांनी फोन दोन बोटांनी उचलून परत ठेवला, गरम तवा ठेवावा तसा.

मग त्यांनी निळ्या कंपनीला, म्हणजे आपल्याच कंपनीला, फोन लावला. बराच वेळ पेटी वाजली. तुमचा कॉल आमच्यासाठी मोलाचा आहे, असं एक बाई दर मिनिटाला सांगत राहिली. मोलाचा असल्यामुळेच बहुधा ते तो लवकर खर्च करत नव्हते. शेवटी एक गृहस्थ आले. नव्या गिऱ्हाइकाला पहिलं वर्ष अर्ध्या दरात, असं त्यांनी अभिमानाने सांगितलं.

"आणि आम्ही जुने? इतकी वर्षं इमानाने भरतोय, आम्हाला काय?"

"जुन्या ग्राहकांना आम्ही वाढदिवसाला मेसेज पाठवतो, सर."

"मी एकदा सोडून जाऊन परत आलो तर?"

"चालेल की, सर. बरेच जण तसंच करतात."

चष्मेवाल्यांना हे ऐकून खरंच वाईट वाटलं. राहणाऱ्याची किंमत नाही आणि सोडून परत येणाऱ्याला पायघड्या!

पिवळ्या कंपनीत काउंटरवर एक शांत मुलगी होती. तिने समोर ठेवलेल्या पत्रकावर ठळक अक्षरांत 'अमर्याद' असं छापलं होतं आणि त्या शब्दाच्या डोक्यावर मुंगीएवढी चांदणी होती. चष्मेवाल्यांनी खिशातून घड्याळजीसारखं डोळ्यात बसवायचं भिंग काढलं आणि पत्रकाच्या तळाची ओळ वाचायला सुरुवात केली. मागे रांग लागली. रांगेतल्या एका बाईंना वाटलं, हे सरकारी तपासणीला आले आहेत. चांदणीचा अर्थ असा निघाला, की नेट अमर्याद आहे, पण मर्यादेपर्यंतच. त्यानंतर ते इतकं हळू होतं, की आलं काय आणि नाही आलं काय.

"आमच्या घरी मर्यादा पहिल्या आठवड्यात संपेल," ते म्हणाले. "सासूबाई कुस्त्या बघतात."

यात अतिशयोक्ती नव्हती. ऐंशी ओलांडलेल्या सासूबाई मागच्या खोलीत खाटेवर बसून दिवसभर फोनवर जगभरच्या कुस्त्या बघत. "पाय ओढ, मेल्या, पाय!" असा आवाज खोलीतून आला, की प्रकृती ठीक आहे असं घरात समजत. फोनचं बिल फुगण्यामागे मुख्य हात या पैलवानांचाच होता. पण जावयाने सासूचे पैलवान मोजू नयेत, एवढा पोच चष्मेवाल्यांना होता.

तुलनेचं खूळ हळूहळू दुकानात शिरलं. बँकेतल्या एक बाई डोळे तपासून घ्यायला आल्या. त्यांच्या डोळ्यांवर तपासणीची जड चौकट होती, समोर अक्षरांचा तक्ता होता आणि चष्मेवाले एकेक काच बदलत होते. तोंड मात्र मनातलं बोलत होतं.

"आता नीट सांगा. पहिल्यात दोन वर्षं अडकून पडायचं आहे. दुसऱ्यात अडकणं नाही, पण पुढचं काही स्पष्ट नाही. कुठलं बरं?"

"दुसरं जरा धूसरच आहे," बाई म्हणाल्या.

"तेच तर मी म्हणतोय!" चष्मेवाले आनंदाने ओरडले आणि त्याच भरात नंबर लिहून मोकळे झाले. चार दिवसांनी बाई परत आल्या. नव्या चष्म्याने त्यांना समोरच्या इमारतीच्या गच्चीवरचे कपडे मोजता येत होते, हातातला कागद मात्र दिसत नव्हता. चष्मेवाल्यांनी आयुष्यात पहिल्यांदा काच फुकट बदलून दिली. म्हणजे खर्च कमी करण्याचा खर्चही सुरू झाला.

इकडे विमावाले रोज चहाच्या वेळी हजर. त्यांनी स्वतःच्या हाताने आखलेला तक्ता टेबलावर पसरला.

"सरळ हिशेब आहे. तुम्ही, वहिनी, सासूबाई आणि मुलगी. चार डोकी. पिवळ्याचा चौघांचा प्लॅन घ्या आणि सुटा."

"पाच जणांचा घेतला तर माणशी कमी पडतं," चष्मेवाले पटकन म्हणाले.

"पण पाचवं आहे कोण?"

चष्मेवाल्यांनी कपात पाहिलं. "असू शकतं. कुणीही. पुढेमागे."

विमावाल्यांनी चमकून वहिनींकडे पाहिलं. साठी जवळ आलेल्या वहिनींनी विमावाल्यांकडे असं काही पाहिलं, की त्यांनी चहा अर्धा टाकून तक्ता गुंडाळला.

पण त्या दिवसापासून चष्मेवाल्यांना मार्ग सापडला. पिवळ्या कंपनीचा पाच जणांचा प्लॅन! तो निळ्यापेक्षा बराच स्वस्त होता, माणशी तर चौघांच्या प्लॅनपेक्षाही थोडा कमीच पडत होता. प्लॅनही बदलेल, पाचवा नंबरही राहील आणि कुणाला काही सांगायला नको. सगळं गुपचूप उरकायचं. आयुष्यभर सरळ चाललेल्या माणसाने गुपचूप काही करायचं ठरवलं, की त्याच्या पायातला जोडासुद्धा जास्त वाजतो.

नंबर तेच ठेवून कंपनी बदलायची, तर प्रत्येक फोनवर एक कोड येणार होता आणि तो लगेच सांगायचा होता. म्हणजे सगळे फोन हाताशी हवेत. सुटीच्या दिवशी सकाळी त्यांनी जाहीर केलं, "द्या सगळ्यांचे फोन, नवी काच बसवून आणतो." काचेचा विषय असल्यामुळे कुणी शंका घेतली नाही. सासूबाईंनी फोन देताना बजावलं, "लवकर आणा. शेवटची फेरी बाकी आहे."

पिवळ्या दुकानात काउंटरवर चार फोन ओळीने मांडून चष्मेवाले उभे राहिले, तेव्हा दारावरचा पहारेकरी दोन पावलं जवळ आला. कोड यायला लागले. त्याच वेळी बायकोच्या फोनवर मेव्हणीचा फोन आला, लेकीच्या फोनवर तिच्या कुणा पेशंटचा आला (लेक हॉस्पिटलात लोकांना व्यायाम शिकवायची), आणि चुकून बोट लागून सासूबाईंचा पैलवान आरोळी ठोकून आखाड्यात उतरला. "ताई, गुडघा लॉक झालाय, काय करू?" असं पेशंट विचारत होता आणि चष्मेवाले त्याला सांगत होते, "चार, नऊ, नऊ, दोन."

"सर, पाचवा कोड?" काउंटरवरची मुलगी म्हणाली.

चष्मेवाल्यांनी लिफ्टवाल्याला फोन लावला. कितीतरी दिवसांनी. पलीकडून विहिरीतून यावा तसा घुमणारा आवाज आला.

"हॅलो? तुम्ही? बरं आहे ना सगळं?"

"तुझ्या फोनवर एक कोड आलाय. तो सांग आधी."

त्याने सांगितला. का, कशाला, काही विचारलं नाही. सांगून झाल्यावर म्हणाला, "खोकला?"

"बरा आहे," चष्मेवाले म्हणाले आणि उगीचच खोकले.

मुलीने पाच छोटी पाकिटं दिली, प्रत्येकात एक सिमकार्ड. "उद्या सकाळी चालू होतील. आणि पंधरवड्याच्या आत कुटुंबातल्या सगळ्यांनी एकदा इथे येऊन फोटो द्यायचा, सर."

"सगळ्यांनी?"

"कुटुंब म्हणजे सगळेच ना?"

पंधरवडा म्हणजे फार लांबची गोष्ट, असं म्हणून चष्मेवाल्यांनी ते मनाच्या तळाशी ढकललं. पाकिटांवर पेन्सिलीने नावं लिहिली आणि एक पाकीट घेऊन लिफ्टवाला ज्या इमारतीत काम करत होता तिथे गेले.

लिफ्टचं दार उघडं होतं आणि आत जमिनीच्या वर त्याचं अर्धंच अंग दिसत होतं. हात कोपरापर्यंत ग्रीसने माखलेले. चष्मेवाल्यांना पाहून तो धडपडत वर आला. नमस्कार करावा तर हात काळे, काही म्हणावं तर काय म्हणावं हे सुचेना. पूर्वी तो त्यांना बाबा म्हणायचा.

"खिशात ठेवा," एवढंच तो म्हणाला.

चष्मेवाल्यांनी पाकीट त्याच्या शर्टाच्या खिशात सरकवलं. तेवढ्यात त्यांची नजर त्याच्या चष्म्यावर गेली. एक काडी काळ्या चिकटपट्टीने बांधलेली होती.

"हे काय? दुकानात का नाही आलास?"

"येणार होतो," तो म्हणाला. "कसं यावं कळेना."

चष्मेवाल्यांनी त्याच्या नाकावरून चष्मा काढून घेतला, खिशातल्या इवल्याशा पेचकसाने काडी बसवली, काचा रुमालाने पुसल्या आणि चष्मा परत त्याच्या नाकावर चढवला. त्याचे हात माखलेले होते, म्हणून मान पुढे करून तो शाळकरी पोरासारखा उभा राहिला होता. मग दोघंही लिफ्टकडे बघत थोडा वेळ उभे राहिले. लिफ्टमध्ये बघण्यासारखं काही नव्हतं.

घरी येऊन चष्मेवाल्यांनी सगळ्यांच्या फोनमध्ये नवी कार्डं घातली. काम फत्ते झालं होतं. फक्त पेन्सिलीने लिहिताना, त्या खोकल्याच्या आनंदात, दोन पाकिटांची अदलाबदल झाली होती. लिफ्टवाल्याचा नंबर सासूबाईंच्या फोनमध्ये गेला होता आणि सासूबाईंचा नंबर त्याच्या खिशात.

दुसऱ्या दिवशी चष्मेवाले दुकानात होते, बायको बाजारात गेली होती आणि सासूबाई घरी एकट्या होत्या. त्यांचा फोन वाजला.

"हॅलो, लिफ्ट अडकलीय! चौथ्या मजल्यावर! लवकर या!"

सासूबाईंना ऐकायला कमी येत नव्हतं आणि घाबरायची त्यांना सवय नव्हती.

"आत कोण कोण आहे?" त्यांनी विचारलं.

"मी आहे आणि एक बाई आहेत!"

"ओळखीच्या आहेत?"

"नाही हो!"

"मग ओळख करून घे, तेवढाच वेळ जाईल. आणि ओरडू नकोस, हवा कमी होते."

त्यानंतर आणखी एका इमारतीतून फोन आला, मग एका दवाखान्यातून. सासूबाईंनी सगळ्यांना धीर दिला. एकाला सगळी बटणं एकदम न दाबण्याबद्दल झापलं. दवाखान्यातल्या लिफ्टमध्ये अडकलेल्या एका म्हाताऱ्या गृहस्थांना, दार उघडेपर्यंत वेळ जावा म्हणून, शेवटच्या फेरीचं वर्णन ऐकवलं. कुस्त्यांपेक्षा हे बरं होतं. यात समोरचा उत्तर देत होता.

इकडे बाजारातून बायकोने आईला फोन लावला. "आई, सकाळची गोळी घेतलीस ना?"

पलीकडे काहीतरी लोखंडी खणखणलं.

"आई? अगं, बोल की!"

"आई..." पलीकडून पुरुषाचा आवाज आला. "मी बोलतोय."

भाजीची पिशवी हातातून सुटली. तिने आवाज ओळखला होता आणि ओळखल्यावर तिला वाटायचं ते वाटलं: हा आईच्या फोनवर आहे, म्हणजे घरात आहे, म्हणजे आई पडली.

"काय झालं आईला? शुद्धीवर आहे का? हात मोडला की पाय?"

"नाही, नाही! आजींचं मला काही माहीत नाही. मी कामावर आहे. सकाळपासून मला आजींच्या मैत्रिणींचे फोन येताहेत. त्यातल्या एकींनी मला गुडघ्याला लावायचं तेल सांगितलं."

मग त्याने बाबा येऊन पाकीट देऊन गेल्याचं सांगितलं. पाकिटं बदलली असणार, हे दोघांच्याही ध्यानात आलं. आता फोन ठेवायला हरकत नव्हती. भाजीवाला पायांत पसरलेले बटाटे गोळा करून देत होता. ती फोन कानाशी धरून तशीच उभी होती.

"आवाज बसलाय तुझा," शेवटी ती म्हणाली.

"शाफ्टमध्ये धूळ असते."

"जेवलास का?"

"जेवतो आता."

"आता म्हणजे कधी?" ती म्हणाली.

दुपारी चष्मेवाले जेवायला घरी आले, तेव्हा बायको समोरच्या खुर्चीत बसली होती. ताट वाढलेलं नव्हतं. मागच्या खोलीतून सासूबाईंचा आवाज येत होता, "कुठला मजला? बरं. आत किती जण?"

"तो नंबर केव्हाच काढला म्हणाला होतात," बायको म्हणाली.

चष्मेवाल्यांनी बरीच कारणं तयार ठेवली होती. पाच असले की माणशी कमी पडतं, हे त्यातलं पहिलं. ते तोंडातून निघेना.

"महिन्याला एक शब्द यायचा त्याचा," ते म्हणाले. "तेवढा तरी राहावा, असं वाटलं."

"आणि मला नाही सांगितलंत."

"तुला त्रास होईल म्हणून..."

"मला त्याची आठवण येत नसेल असं वाटलं तुम्हाला?" ती उठली, ताट घ्यायला आत गेली आणि आतूनच म्हणाली, "काय शब्द यायचा?"

"पाठवले."

"एवढंच?"

"थंडीत खोकल्याचं विचारलं होतं."

ती बराच वेळ बाहेर आली नाही.

संध्याकाळी लेक घरी आली, तेव्हा दोघंही चोरासारखे गप्प बसले होते. सगळ्यांत आधी बोलल्या सासूबाई. "तुझा तो लिफ्टवाला फार कामाचा गं. गावभर त्याच्या नावाने लोक अडकून बसलेत."

चष्मेवाल्यांनी डोळे मिटून घेतले. लेकीने पर्स खुंटीला अडकवली.

"बाबा, बिलावर पाच नंबर असतात. आणि बिल माझ्या ईमेलवर येतं. पहिल्यापासून."

"म्हणजे तुला माहीत होतं?"

"सगळं." ती त्यांच्याजवळ येऊन बसली. "लग्न मी मोडलं, बाबा. तुम्हाला कुणी मोडायला सांगितलं होतं?"

दुसऱ्यांच्या डोळ्यांत बघायचा चष्मेवाल्यांचा धंदा. पण त्या वेळी ते लेकीकडे न बघता जमिनीकडेच बघत राहिले.

त्याच आठवड्यात सगळी वरात पिवळ्या दुकानात गेली. चष्मेवाले, बायको, लेक, आणि सासूबाईंना हाताला धरून आणणारा लिफ्टवाला. लेकीने त्याला "बरा आहेस?" असं विचारलं, त्याने "तू?" असं विचारलं, दोघंही बरी होती. पहारेकऱ्याने चष्मेवाल्यांना ओळखलं आणि या वेळी टोळीच घेऊन आलेले पाहून तो सावरून उभा राहिला.

कार्डं दोन मिनिटांत बदलून झाली. सासूबाईंनी लिफ्टवाल्याचा नंबर नाराजीनेच परत केला. "दवाखान्यातल्या त्या गृहस्थांचा फोन आला तर मला दे," त्या म्हणाल्या.

मग काउंटरवरची मुलगी म्हणाली, "सर, कालपासून दर बदललेत. आता चौघांचा प्लॅन पाच जणांपेक्षा माणशी स्वस्त पडतो. एक नंबर कमी करायचा असेल, तर आजच सांगा."

चष्मेवाल्यांची हक्काची सबब अशी भर दुकानात गळून पडली. लिफ्टवाल्याने घसा साफ केला. "माझा काढा. मी वेगळा घेतो. खरं म्हणजे मीच आधी..."

"तू थांब," लेक म्हणाली. "माझा काढा. मला हॉस्पिटलकडून फोन मिळणार आहे. महिना झाला कळून. बाबांना सांगायचं जिवावर आलं होतं. त्यांना वाटलं असतं, ही पण चालली."

मुलीने पडद्याकडे पाहिलं, मग त्या सगळ्यांकडे पाहिलं. "म्हणजे कुटुंबात राहिले तुम्ही, या, या आजी आणि हे. हे आपले कोण, सर?"

"जावई," चष्मेवाले म्हणाले.

"जावई टाकलं की पडदा मुलीचा नंबर मागतो. मुलगी प्लॅनमध्ये हवी."

"मुलगी ही काय. ती आत्ताच गेली प्लॅनमधून."

"मग जावई बसत नाही, सर. इतर टाकू?"

"इतर?" बायको एकदम म्हणाली. "इतर कसं टाकाल?"

लिफ्टवाला आपल्या बुटांकडे बघत होता. बिल, दर, माणशी किती, हे सगळं चष्मेवाल्यांच्या डोक्यातून निघून गेलं. त्यांनी काउंटरवर हात ठेवला. "मुलगा टाका."

"आडनाव वेगळं आहे, सर."

"माझंही वेगळंच आहे," सासूबाई मागून म्हणाल्या. "मला काढता का?"

मुलीने मुकाट्याने 'मुलगा' टाकलं.

आता फोटो. भिंतीला टेकून चौघांना एका ओळीत उभं राहायचं होतं. बायकोने लिफ्टवाल्याची कॉलर सरळ केली. चष्मेवाले त्याच्या शेजारी उभे राहिले, पण मध्ये एक माणूस मावेल एवढी जागा सोडून. लेक काउंटरच्या या बाजूला, कॅमेऱ्यामागे, मुलीच्या खांद्यावरून बघत होती.

"जवळ या, सर," मुलगी म्हणाली. "एक जण कापला जातोय."

दोघंही बोटभर सरकले.

"अजून."

"आणि हसा की जरा," कॅमेऱ्यामागून लेक म्हणाली. "लग्नाच्या फोटोतसुद्धा तुम्ही दोघं असेच उभे होतात!"

आधी लिफ्टवाल्याला हसू फुटलं. ते पाहून चष्मेवाल्यांनाही आवरेना. त्यांनी पोराच्या खांद्यावर हात टाकून त्याला जवळ ओढलं, आणि मुलीने फोटो काढला.